चिकित्सेचे चार पाद आणि एकच थैली : ऑरेगॉन राज्याच्या समन्वित आरोग्यसेवा कायद्याचा अभ्यास

गरीब रुग्णाचा आजार बहुधा एकच असतो. पण त्या एका आजारासाठी त्याला जी दारे पुजावी लागतात ती अनेक असतात. मधुमेहाने त्रस्त झालेला मजूर एका दवाखान्यात साखर तपासतो, दुसरीकडे पायाची जखम बांधून घेतो, दातांसाठी तिसऱ्याकडे जातो, झोप येत नाही म्हणून चौथ्याकडे. औषधे तो पाचव्या दुकानातून घेतो आणि शेवटी सारे हाताबाहेर गेले की रात्री मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात दाखल होतो. प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी आपले काम प्रामाणिकपणे केलेले असते. तरीही संपूर्ण रुग्ण कोणाच्याच वहीत सापडत नाही.

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. हे चारही गुणसंपन्न असतील तर व्याधी बरा होण्यास साहाय्य होते, हे आपण विद्यार्थिदशेपासून जाणतो. परंतु हे चार पाद एकमेकांशी बांधून ठेवण्याची जबाबदारी कोणाची, आणि त्यासाठी लागणारा पैसा कोणी व कसा द्यावयाचा, हा प्रश्न शास्त्राचा नव्हे, राज्यकारभाराचा आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ऑरेगॉन या राज्याने २०११ साली कायदा करून या प्रश्नाचे एक उत्तर दिले. त्या कायद्याची घडण, त्याचे फलित आणि त्यातून आपल्या व्यवसायाने घ्यावयाचा बोध यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पूर्वपीठिका : यादी, रेषा आणि सोडत

अमेरिकेत अल्प उत्पन्न असलेल्या नागरिकांसाठी 'मेडिकेड' ही योजना १९६५ पासून आहे. तिचा खर्च केंद्रीय शासन व राज्यशासन मिळून करतात, आणि केंद्राने आखलेल्या चौकटीत प्रत्येक राज्य ती आपल्या पद्धतीने चालविते. चौकटीबाहेर काही करावयाचे झाल्यास केंद्राची विशेष अनुमती घ्यावी लागते.

ऑरेगॉनमध्ये १९८७ साली विधिमंडळाने अवयवरोपणाच्या बहुतेक शस्त्रक्रियांचा खर्च देणे बंद केले आणि तोच पैसा इतर आरोग्यसेवांकडे वळविला. त्याच वर्षाच्या अखेरीस रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेला सात वर्षांचा एक मुलगा, अस्थिमज्जारोपणासाठी लोकवर्गणी जमत असतानाच मरण पावला. राज्यभर हलकल्लोळ झाला. मर्यादित पैशात कोणाला काय द्यावयाचे, हा एरवी पडद्याआड ठरणारा प्रश्न उघड्यावर आला.

त्या वेळी राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष होते जॉन किट्सहाबर. ते स्वतः तातडीच्या वैद्यकसेवेतील डॉक्टर होते. त्यांच्या पुढाकाराने १९८९ साली कायदा झाला आणि केंद्राची अनुमती मिळून १९९४ मध्ये 'ऑरेगॉन आरोग्य योजना' सुरू झाली. तिचे वैशिष्ट्य असे की, व्याधी आणि त्यावरील उपचार यांच्या जोड्या लावून त्यांची महत्त्वानुसार एक क्रमवार यादी केली गेली. उपलब्ध निधी पाहून विधिमंडळाने त्या यादीत एक रेषा आखावयाची. रेषेच्या वरचे उपचार मिळतील, खालचे मिळणार नाहीत. कठोर वाटले तरी ते उघड आणि सर्वांना सारखे लागू होते.

पुढे राज्याची आर्थिक स्थिती ढासळली. २००४ मध्ये योजनेच्या एका भागात नवे प्रवेश बंद झाले. २००८ मध्ये सुमारे १०,००० जागा भरता येतील असे दिसल्यावर शासनाने चक्क सोडत काढली. सुमारे ९०,००० लोकांनी नावे नोंदविली. या सोडतीमुळे संशोधकांना अनायासे एक दुर्मीळ संधी मिळाली. ज्यांचे नाव निघाले व ज्यांचे निघाले नाही, अशा दोन सारख्या गटांची तुलना करता आली. विमा मिळालेल्यांवरील कर्जाचा बोजा हलका झाला, नैराश्याचे प्रमाण घटले. मात्र दोन वर्षांत रक्तदाब, कोलेस्टेरॉल किंवा रक्तातील साखर यांत संख्याशास्त्रीय दृष्ट्या ठाम अशी सुधारणा आढळली नाही, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१४ मधील दुसऱ्या निष्कर्षाने तर अनेकांना चकित केले. विमा मिळाल्यावर पोर्टलंड परिसरातील लोकांच्या तातडीच्या विभागातील भेटी सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्या होत्या.

तात्पर्य, रुग्णाच्या हाती कार्ड देणे आवश्यक आहे. पण तेवढे पुरेसे नाही. कार्ड दार उघडते. कोणत्या दाराने केव्हा जावे आणि आत गेल्यावर त्याची चौकशी कोणी करावी, हे कार्ड सांगत नाही.

२०११ चा कायदा

किट्सहाबर १९९५ ते २००३ या काळात राज्याचे गव्हर्नर, म्हणजे तेथील लोकनियुक्त शासनप्रमुख होते. २०११ मध्ये ते पुन्हा त्या पदावर आले तेव्हा राज्यापुढे मोठी तूट उभी होती. त्या वर्षी विधानसभेच्या कनिष्ठ सभागृहात दोन्ही पक्षांचे संख्याबळ समसमान, ३० विरुद्ध ३० असे होते. अशा सभागृहाने आरोग्यसेवेची फेररचना करणारे विधेयक दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने संमत केले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०१२ च्या आरंभी पूरक कायदा होऊन अंमलबजावणीचा मार्ग मोकळा झाला आणि १ ऑगस्ट २०१२ पासून पहिल्या 'समन्वित आरोग्यसेवा संस्था' कामास लागल्या. दोन वर्षांत त्यांची संख्या १६ झाली आणि योजनेतील बहुसंख्य सभासद त्यांच्या कक्षेत आले.

या संस्था प्रादेशिक आहेत. पोर्टलंड महानगराच्या तीन परगण्यांसाठी एक मोठी संस्था, तर पूर्वेकडील विरळ वस्तीच्या बारा परगण्यांसाठी दुसरी, अशी त्यांची विभागणी आहे. रुग्णालये, डॉक्टरांचे समूह, मनोविकारसेवा देणाऱ्या संस्था, स्थानिक शासन हे सारे एका छत्राखाली आणण्याचा हेतू त्यामागे होता. दंतसेवाही २०१४ पर्यंत त्यात सामील झाली. कायद्याची पाच अंगे आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहेत.

पहिले अंग एकत्रित निधीचे. पूर्वी शरीराच्या आजाराचा पैसा एका खात्यातून, मनाच्या आजाराचा दुसऱ्यातून आणि दातांचा तिसऱ्यातून येत असे. आता दर सभासदामागे ठरावीक रक्कम संस्थेच्या एकाच थैलीत येते आणि तिने त्यातूनच सर्व सेवा द्यावयाच्या असतात. रुग्ण निरोगी राहिला तर पैसा वाचतो, बिघडला तर संस्थेचेच नुकसान होते.

दुसरे अंग वाढीच्या मर्यादेचे. दरडोई खर्चवाढीचा दर ५.४ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर, म्हणजे दोन टक्क्यांनी खाली आणण्याचे वचन राज्याने केंद्राला दिले. त्या बदल्यात केंद्राने पाच वर्षांत सुमारे १९० कोटी डॉलर देऊ केले.

तिसरे अंग गुणवत्तेचे. केवळ खर्च कमी करावयाचा तर उपचार नाकारणे हा सर्वांत सोपा मार्ग ठरतो. तो रोखण्यासाठी १७ निकष ठरविण्यात आले. त्यांत रक्तदाबाचे नियंत्रण, मधुमेहाचे नियंत्रण, नैराश्याची तपासणी, बालकांच्या वाढीची तपासणी, तातडीच्या विभागातील भेटी आदींचा समावेश होता. पहिल्या वर्षी संस्थांच्या देयकाचा २ टक्के भाग या निकषांशी बांधला गेला आणि पुढे तो वाढविण्यात आला. प्रत्येक संस्थेची कामगिरी नावानिशी प्रसिद्ध होऊ लागली.

चौथे अंग रुग्णांच्या सहभागाचे. प्रत्येक संस्थेस लोकसल्लागार परिषद असलीच पाहिजे आणि तिच्यात योजनेचा लाभ घेणाऱ्यांचेच बहुमत असले पाहिजे, असे कायद्याचे बंधन आहे. चरकाचार्यांनी रोग्याच्या गुणांमध्ये 'ज्ञापकत्व' सांगितले आहे, म्हणजे आपले दुखणे नीट सांगता येणे. एका रोग्याचे ज्ञापकत्व वैद्यासमोर प्रकट होते; साऱ्या प्रदेशातील रोग्यांचे ज्ञापकत्व प्रकट होण्यास अशी परिषद लागते.

पाचवे अंग उपस्थात्याचे. त्याच वस्तीत राहणारे, तीच भाषा बोलणारे आरोग्यसेवक, व्याधीतून स्वतः बाहेर पडलेले मार्गदर्शक, पुढे प्रसूतीसाहाय्यक स्त्रिया, अशांना कायद्याने ओळख दिली. उपस्थात्याच्या ठिकाणी आपल्या शास्त्राला 'अनुराग' अपेक्षित आहे. तो पदवीने येत नाही, शेजाराने येतो.

वातानुकूलन यंत्राचा दृष्टांत

किट्सहाबर आपल्या भाषणांतून एक दृष्टांत नेहमी देत. हृदय दुर्बल झालेली नव्वद वर्षांची एक वृद्धा एका तापलेल्या खोलीत एकटी राहते. उन्हाळ्यात तिची प्रकृती खालावली तर रुग्णवाहिका आणि रुग्णालय यांसाठी शासकीय विमा ५०,००० डॉलर देईल. पण ती आजारीच पडू नये म्हणून लागणाऱ्या २०० डॉलरच्या वातानुकूलन यंत्रासाठी एक छदामही देणार नाही. 'निदानपरिवर्जन' हीच प्रथम चिकित्सा मानणाऱ्या आपल्या परंपरेला हा दृष्टांत वेगळा समजावून सांगावयास नको. मात्र जे आपण रुग्णाला तोंडाने सांगतो, त्याचा खर्च सार्वजनिक निधीतून करण्याची सोय या कायद्याने केली. औषध नव्हे, शस्त्रक्रिया नव्हे, तरीही आरोग्याला आवश्यक अशा गोष्टींवर पैसा खर्चण्याचे स्वातंत्र्य संस्थांना मिळाले.

त्याचा एक सुंदर नमुना कोलंबिया नदीच्या खोऱ्यात दिसतो. तेथे भाजीपाला विकत घेणे ज्यांना परवडत नाही अशा कुटुंबांना औषधाच्या चिठ्ठीप्रमाणे भाजीची चिठ्ठी देण्याचा उपक्रम उभा राहिला. पथ्याचा नुसता उपदेश न करता पथ्य हातात ठेवावयाचे, ही त्यामागील दृष्टी. या खोऱ्याला २०१६ मध्ये आरोग्यसंस्कृतीसाठीचा रॉबर्ट वुड जॉन्सन प्रतिष्ठानचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

दृष्टांतातील यंत्राची कथा पुढे दुःखद रीतीने खरी ठरली. जून २०२१ मधील उष्णतेच्या लाटेत पोर्टलंडमध्ये पारा ४६ अंश सेल्सिअसच्या वर गेला. त्या शहराच्या परगण्यात जे मरण पावले त्यांतील बहुतेक जण वयोवृद्ध, एकटे राहणारे आणि वातानुकूलन नसलेल्या घरांतील होते. मार्च २०२४ पासून ऑरेगॉनने आपल्या आरोग्य योजनेतील पात्र रुग्णांना वातानुकूलन यंत्रे, हवा शुद्ध करणारी उपकरणे, औषधे थंड ठेवण्यासाठी छोटी शीतपेटी अशा वस्तू देण्यास प्रारंभ केला. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य होय. दृष्टांत देणारे गव्हर्नर २०१५ मध्येच एका वादात पदत्याग करून गेले होते. पण त्यांच्या कायद्याने बांधलेली रचना टिकली, म्हणून नऊ वर्षांनी दृष्टांत नियमात उतरला.

काय साधले, काय राहिले

राज्याच्या आरोग्य प्राधिकरणाच्या अहवालानुसार २०११ च्या तुलनेत २०१४ पर्यंत सभासदांच्या तातडीच्या विभागातील भेटी सुमारे २२ टक्क्यांनी घटल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शेजारच्या वॉशिंग्टन राज्याशी तुलना केली असता, पाहिलेल्या सेवांवरील खर्चात सुमारे ७ टक्के घट आढळली. ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटल्यामुळे होती.

पण त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट नोंदविली, ती विसरता कामा नये. प्राथमिक वैद्यांकडील भेटीही घटल्या होत्या. ज्या भेटी वाढाव्यात म्हणून हा सारा खटाटोप, त्याच कमी व्हाव्यात, याचा अर्थ लावणे सोपे नाही. त्यातील काही काम आरोग्यसेवकांनी उचलले असेल, काही ठिकाणी नव्या सभासदांच्या गर्दीत जुन्यांना वेळ मिळाला नसेल. २०१४ मध्ये मेडिकेडची व्याप्ती वाढल्यावर योजनेची सभासदसंख्या वर्षभरात दहा लाखांच्या घरात गेली होती, हेही ध्यानी घ्यावयास हवे.

दुसरी अडचण दरांची. दरडोई रक्कम किती असावी यावरून पोर्टलंडमधील 'फॅमिलीकेअर' ही संस्था आणि राज्यशासन यांच्यात दीर्घ वाद झाला आणि २०१८ च्या आरंभी त्या संस्थेने काम थांबविले. तिच्या एक लाखाहून अधिक सभासदांना दुसरीकडे जावे लागले. थैली एकच असली तर ती भरणारा आणि ती रिकामी करणारा यांच्यात विश्वास लागतो. तो ढळला की त्याची झळ रुग्णाला बसते. त्याच वर्षी विधिमंडळाने आणखी एक कायदा करून, संस्थांच्या नियामक मंडळांच्या सभा लोकांना खुल्या केल्या आणि नफ्यातील काही भाग निवारा, आहार, शिक्षण यांसारख्या आरोग्याच्या मूळ कारणांवर खर्चणे बंधनकारक केले.

कटिशूलाचा निर्णय

आपल्या वाचकांना सर्वाधिक जवळचा वाटेल असा भाग आता पाहू. वर सांगितलेल्या क्रमवार यादीत सामान्य कटिशूल अनेक वर्षे रेषेच्या खाली होता. मज्जातंतूंवर दाब असल्याची चिन्हे असतील तरच उपचार मिळत. परिणाम असा झाला की व्यायामोपचार मिळत नसत. पण अफूजन्य वेदनाशामके मात्र सहज लिहून दिली जात. अमेरिकेत त्या औषधांच्या व्यसनाने आणि अतिसेवनाने जो हाहाकार माजविला, तो सर्वविदित आहे.

राज्याच्या पुरावा परीक्षण आयोगाने हा विषय हाती घेतला आणि १ जुलै २०१६ पासून नवे नियम लागू झाले. कटिशूलाच्या रुग्णाचे प्रथम जोखमीनुसार वर्गीकरण करावयाचे. जोखीम कमी असेल तर मोजक्या भेटी. अधिक असेल तर वर्षाला ३० पर्यंत भेटी. त्यांत व्यायामोपचार, मनोवर्तनचिकित्सा, अ‍ॅक्युपंक्चर, कायरोप्रॅक्टिक व अस्थिसंधींवरील हस्तोपचार यांचा समावेश झाला. योग, मर्दन आणि देखरेखीखालील व्यायाम जेथे उपलब्ध असतील तेथे द्यावेत, असे सुचविले गेले. अफूजन्य औषधांवर आणि पृष्ठवंशाच्या शस्त्रक्रियांवर मर्यादा आल्या. या मर्यादा काही ठिकाणी फार कठोर ठरल्या. २०१८-१९ मध्ये इतर चिरकारी वेदनांनाही सक्तीची औषधघट लावण्याचा विचार पुढे आला, तेव्हा वेदनातज्ज्ञांनी व रुग्णांनी त्यास जाहीर विरोध केला. एका औषधाचा अतिरेक दुसऱ्या टोकाच्या सक्तीने बरा होत नाही, हा त्यातील धडा.

आता प्रश्न असा की, शेजारी अ‍ॅक्युपंक्चर बसले, कायरोप्रॅक्टिक बसले, मर्दन आणि योगही बसले. त्याच पंगतीत आयुर्वेदाचे पान का मांडले गेले नाही? कटिबस्ती, बस्तिकर्म, स्नेहन-स्वेदन यांचे वैभव आपणास ठाऊक आहे. ते तेथे का पोहोचले नाही?

याचे उत्तर कायद्याच्या एका कलमात आहे. परवान्याच्या मर्यादेत काम करणाऱ्या कोणत्याही चिकित्सकाशी समन्वित संस्थेने भेदभाव करू नये, असे ऑरेगॉनचा कायदा सांगतो. प्रत्येकाला सामावून घेतलेच पाहिजे, असे त्यात म्हटलेले नाही. पण केवळ शाखा वेगळी म्हणून दार लावता येत नाही. निसर्गोपचार वैद्यांना या राज्यात १९२७ पासून परवाना मिळतो. त्यांचे महाविद्यालय पोर्टलंडमध्ये १९५६ साली स्थापन झाले. त्यामुळे ते या कलमाचा आधार घेऊ शकतात. अमेरिकेतील एकाही राज्यात आयुर्वेदाच्या चिकित्सकास स्वतंत्र परवाना नाही. म्हणून कलम असूनही आयुर्वेदाला त्याचा उपयोग नाही. दुसरे असे की, आयोगासमोर परंपरेच्या प्राचीनतेला मत नव्हते. प्रकाशित व तपासता येण्याजोग्या पुराव्याला होते. ज्यांनी परवाना आणि पुरावा ही दोन्ही कामे आधीच केली होती, ते निर्णयाच्या दिवशी दाराशी तयार उभे होते.

अलाबामा : कायदा झाला, संस्था उभ्या राहिल्या नाहीत

केवळ कायद्याने सारे साधते असा समज होऊ नये म्हणून दुसऱ्या एका राज्याचे उदाहरण द्यावयास हवे. दक्षिणेतील अलाबामा राज्याने २०१३ साली असाच कायदा केला. राज्याचे पाच विभाग पाडावयाचे आणि प्रत्येकात प्रादेशिक आरोग्यसेवा संस्था स्थापावयाच्या, अशी योजना होती. योगायोग असा की तेथील गव्हर्नर रॉबर्ट बेंटली हेही डॉक्टरच, त्वचारोगतज्ज्ञ. २०१६ मध्ये केंद्राची अनुमतीही मिळाली. परंतु राज्याच्या तिजोरीतील चणचण, वारंवार पुढे ढकललेला प्रारंभ आणि काढता पाय घेणाऱ्या संस्था यांमुळे योजना खिळखिळी झाली. बेंटली यांनी एप्रिल २०१७ मध्ये राजीनामा दिला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये राज्याने ही योजना सोडून दिल्याचे जाहीर केले. पुढे ऑक्टोबर २०१९ पासून तेथे सात विभागांत एक अधिक साधी समन्वय-व्यवस्था सुरू झाली. तिच्यात आर्थिक जोखीम संस्थांवर टाकलेली नाही.

दोन्ही राज्यांत कायदा होता, दोन्हीकडे डॉक्टर गव्हर्नर होते. ऑरेगॉनपाशी मात्र १९८९ पासूनचा सार्वजनिक चर्चेचा वारसा होता आणि आरंभीच हाती पडलेला पैसा होता. तरीही ऑरेगॉनने निर्धास्त राहावे अशी स्थिती नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने मेडिकेडच्या निधीला कात्री लावली आहे आणि अनेक प्रौढ लाभार्थींना कामाची अट घातली आहे. त्या तडाख्यात प्रादेशिक संस्थांची खरी परीक्षा होईल.

आपल्या दारी

ऑरेगॉनच्या संस्था सुरू झाल्या त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, २ जुलै २०१२ रोजी, महाराष्ट्रात आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. ती २०१३ मध्ये राज्यभर पोहोचली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि पुढे तिची सांगड केंद्राच्या जन आरोग्य योजनेशी घातली गेली. असंख्य गरीब कुटुंबांना मोठ्या शस्त्रक्रियेच्या खर्चातून या योजनेने वाचविले, हे मान्य केलेच पाहिजे. पण तिचा भर रुग्णालयातील उपचारांवर आहे. किट्सहाबर यांच्या दृष्टांताच्या भाषेत सांगावयाचे तर, आपण ५०,००० डॉलरची सोय केली. २०० डॉलरची अजून व्हावयाची आहे. आणि ती २०० डॉलरची जागा म्हणजेच तालुक्याच्या गावातील वैद्याचा दवाखाना आणि त्याला लागून असलेले औषधालय होय.

ऑरेगॉनच्या तुलनेत आपली एक बाजू भक्कम आहे. तेथे आयुर्वेदाला जो परवाना नाही, तो येथे आहे. महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याने वैद्यांची नोंदणी होते. विमाक्षेत्रातही, आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने लेखावे असा विमा नियामक प्राधिकरणाचा आदेश एप्रिल २०२४ पासून लागू झाला आहे. म्हणजे परवाना आहे, दारही किलकिले झाले आहे. उणीव आहे ती नोंदींची आणि परस्परसंवादाची. उद्या आपल्याकडे जिल्हानिहाय अशी समन्वयाची रचना उभी राहिली, तर तिच्यासमोर आपण काय घेऊन जाणार? बरे झालेल्या रुग्णांच्या आठवणी घेऊन जाता येणार नाही.

वैद्यांनी करावयाच्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. प्रत्येक रुग्णाची प्रकृती, निदान, दिलेली औषधे, रक्तदाब, साखर आणि पुढील भेटीतील स्थिती यांची नोंद ठेवावी. पन्नास कटिशूलग्रस्तांच्या नीट ठेवलेल्या नोंदी एखाद्या परिसंवादातील दहा भाषणांहून अधिक बोलतात. रुग्णाला पुढे पाठविताना चिठ्ठी लिहावी, तीही पुढच्या डॉक्टरला कळेल अशा भाषेत. गावातील आशा कार्यकर्तीशी ओळख ठेवावी. २००५ पासून उभी राहिलेली ही व्यवस्था म्हणजे आपल्याकडील उपस्थाताच आहे, आणि कोणत्या घरी वृद्ध एकटा राहतो हे तिला आपल्याहून अधिक ठाऊक असते.

औषधालयाच्या चालकांची जबाबदारी तर त्याहून नाजूक. एकच रुग्ण तीन चिकित्सकांची औषधे घेत असेल, तर ती तिन्ही ज्याच्या नजरेखालून जातात असा मनुष्य बहुधा औषधविक्रेताच असतो. एक साधे उदाहरण घ्या. यष्टिमधु हे सौम्य आणि नित्य वापरातील द्रव्य. पण ते दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतले गेल्यास शरीरात पाणी साठते, रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम घटते. हृदयरोगासाठी मूत्रल औषध घेणाऱ्या रुग्णात आधीच पोटॅशियम कमी होत असते. अशा रुग्णाने खोकल्यासाठी महिनोन्‌महिने यष्टिमधूचे चूर्ण नेले, तर दोष द्रव्याचा नाही, वैद्याचाही नाही आणि हृदयरोगतज्ज्ञाचाही नाही. तो त्यांच्यातील मोकळ्या जागेचा आहे. 'दुसरी कोणती औषधे चालू आहेत?' हा गल्ल्यावर विचारलेला एक प्रश्न ती जागा भरून काढतो. समन्वय या शब्दाचा अर्थ इतका साधा आहे.

जिल्हा शाखांनीही आपल्या बैठकांत एक विषय नियमाने घ्यावा : आपल्या तालुक्यातील गरीब रुग्ण कोणत्या एका व्याधीसाठी वारंवार मोठ्या रुग्णालयाकडे धावतो, आणि त्यांतील किती जणांना आपल्या टप्प्यावर थांबविता आले असते? ऑरेगॉनच्या परिषदांत हा प्रश्न रुग्ण स्वतः विचारतात. आपल्याकडे अशी परिषद नसली तरी दवाखान्याच्या बाकावर ते रोज बसलेले असतात. त्यांना विचारण्यास कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

गरीब रुग्णाच्या बाबतीत चारही पाद अस्तित्वात असतात, मात्र एकमेकांपासून दूर. ऑरेगॉनने ते एका थैलीला बांधले. ती गाठ काही ठिकाणी घट्ट बसली, काही ठिकाणी सुटली. आपल्याकडे ती गाठ बांधण्याची वेळ येईल तेव्हा भिषक् म्हणून आपले स्थान कोणी आदराने राखून ठेवील अशी अपेक्षा धरू नये. ज्याच्या वहीत रुग्ण सापडेल, त्यालाच त्या रचनेत जागा सापडेल.